डायरेक्ट बसतो

(दृश्य: कुर्ला, सीएसटी रोड. फळीवर रचलेल्या गंजक्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या; खाली पोत्यावर कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड दाबून डिस्कला चिमटणारा भाग.)

"डायरेक्ट बसतो, साहेब." जुना ब्रेकचा पार्ट हातात घेतला की दुकानदार हे म्हणणारच. बऱ्याचदा त्यात खोटंही काही नसतं. बोल्ट लागतात, चाक चढतं, गाडी रस्त्यावर येते. तो पार्ट चुकीचा होता हे कळतं पहिल्यांदा करकचून ब्रेक दाबावा लागतो तेव्हा.

म्हणून बाजारात जाण्याआधी आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर उतरवून घ्या आणि कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरला विचारा. त्या गाडीला नेमका कोणता पार्ट लागतो, त्याचा नंबर मिळतो. नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. भारतात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून. त्याआधी एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला एबीएस आणि खालच्याला नाही, असं सर्रास असायचं. एबीएसच्या गाडीत चाकाच्या मधल्या हबवर, एक्सलवर किंवा बेअरिंगच्या सीलमध्ये चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरसाठी रिंग असते. रिंग नसलेलं बेअरिंगही तिथे ठोकून बसवता येतं. मग डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा काही केल्या विझत नाही.

आणि पार्टवर ओतकामातच उठलेला आकडा दिसला की खूश होऊ नका. तो बहुधा साच्याचा नंबर असतो. एकाच साच्यातल्या कॅलिपरना पुढे वेगळ्या मापाचं मशिनिंग होऊ शकतं.

(दृश्य: व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी जबड्यांची पट्टी; दोन नाणी, सपाट काच.)

आता डिस्क. बाहेरचा व्यास सगळेच मोजतात. बोल्टच्या भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, फार थोडे. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, झाला पीसीडी. पाच भोकांना समोरासमोर जोडी नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्या आणि 0.588 ने भागा. 67.2 मिलिमीटर आलं तर पीसीडी 114.3.

मारुती स्विफ्टचा पीसीडी 100, फियाट पुंटोचा 98. दोन्हींच्या डिझेल गाड्यांत एकच 1.3 लिटरचं इंजिन होतं, त्यामुळे "सगळं सेमच आहे" हे पटायला सोपं. प्रत्येक भोक फक्त 1 मिलिमीटर सरकलेलं असतं, नजरेला कळतही नाही. जोर लावून आवळलं तर बोल्ट तिरका बसतो.

डिस्क काचेवर पालथी ठेवून एकूण उंचीही मोजा. ती दोन-तीन मिलिमीटरने चुकली तर डिस्क कॅलिपरच्या मधोमध न येता ब्रॅकेटला घासते.

जाडीत व्हर्नियर फसवतो. कडेला गंजलेली, न झिजलेली उंच पट्टी राहते आणि जबडे तिच्यावर टेकतात. दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धरा, त्यासकट माप घ्या, नाण्यांची जाडी वजा करा. असं फिरवत निदान चार ठिकाणी. किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच टोपीवर कोरलेली असते. त्याच्या जेमतेम वर असलेली डिस्क स्वस्तातही महाग. निळे डाग म्हणजे ती तापून गेली आहे. भेग कडेपर्यंत गेली असेल तर ती भंगारातच बरी. ड्रमला उलटा हिशेब: तिथे आतला कमाल व्यास लिहिलेला असतो.

(दृश्य: कॅलिपरचं रबर उचलून पिस्टन पाहणारा मेकॅनिक.)

कॅलिपरमध्ये पिस्टनचा व्यास पाहायचा. 51 च्या जागी 54 मिलिमीटर आला तर क्षेत्रफळ 12 टक्क्यांनी वाढतं. एकाच चाकाला असा कॅलिपर लागला की गाडी ब्रेक मारताना त्या बाजूला ओढते. पेडलच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास वाढला तर पेडल कडक होतं, घटला तर पाय खोल जातो. पिस्टनवर गंजाचे खड्डे नकोत, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन बोटाने सरकायला हवी. डावा-उजवा ओळखायची खूण म्हणजे हवा काढायचा निपल: गाडीवर बसल्यावर तो वरच्या टोकाला हवा. उलट बाजूचा कॅलिपर बोल्टला बसेलही, पण निपल खाली आला की हवा वर अडकून राहते. कितीही ब्रेक ऑईल ओता, पेडल स्पंजसारखंच.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते ब्रेक ऑईलच्या पाइपच्या टोकाकडे. जपानी वळणाच्या गाड्यांत ते बहुधा नरसाळ्यासारखं दुमडलेलं असतं, युरोपी गाड्यांत फुगीर. आटे मात्र दोन्हीकडे बहुधा 10 मिलिमीटर व्यासाचे, पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1 मिलिमीटर. त्यामुळे नट सहज फिरतो, टोक मात्र बैठकीवर नीट दबत नाही आणि तेल झिरपतं.

पॅड, लायनर, होज, रबर सील हे जुने घेऊच नका. किमतीत फरक थोडा आणि आतून काय झालंय ते दिसत नाही. डिस्क जोडीनेच घ्या.

बसवल्यावर चाक लावून हाताने एक पूर्ण फेरा द्या, कॅलिपर रिमला घासत नाही ना ते पाहा. हवा काढा. इंजिन सुरू करून, गिअर टाकण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब पोकळच जातात.