1375 टक्के म्हणजे नेमके किती रुपये?

सकाळचे अकरा. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा सौदा अजून निघायचाय, आणि आमचे काका, झेडपीचे रिटायर मास्तर, आडतीच्या गादीवर बसून मोबाईल बघायलेत. बँकेचा मेसेज आलाय, 750 रुपये जमा. आयटीसीच्या शंभर शेअरचा डिव्हिडंड, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा.

आता गंमत ऐका. आयटीसीनं 2023-24 सालासाठी शेअरमागं 13 रुपये 75 पैसे दिले, आधी सव्वासहा, मग साडेसात (काकांचे 750 ते हेच), आणि हेच टक्क्यात सांगायचं तर 1375 टक्के! काकांनी ऐकलं आन् चहाचा कप खालीच ठेवला. पण हे टक्के असतात फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीवर, आणि आयटीसीची ती आहे फक्त 1 रुपया. रुपयाला शेअर कोण देतंय तुम्हाला? बाजारात 430 ला घेतला असंल तर 13.75 भागिले 430, झाले वर्षाला साधारण 3.2 टक्के, ह्याला म्हणायचं डिव्हिडंड यील्ड. आपल्याकडं व्याज म्हणलं की महिन्याचं शेकडा डोक्यात येतं, तिथं वर्षाला तीन रुपये वीस पैसे ऐकून काकांचं तोंडच उतरलं, मग एफडी काय वाईट हाय म्हणले. बरोबरच की. फक्त एफडीचं मुद्दल हाय तेवढंच राहतं, शेअरचं वाढतं, आणि बुडतंबी.

मग काकांना आयडिया सुचली, डिव्हिडंडच्या आधी घ्यायचा, हक्क लागला की दुसऱ्या दिवशी विकून मोकळं. (मलाबी सुचली होती, खोटं कशाला बोलू.) आता हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात वासरासकट देवणी गाय आणि वासरू काढून घेतलेली गाय, एकाच भावानं घ्याल का? शेअरची एक्स-डेट असते, तिच्या आदल्या दिवसापर्यंत घेणाऱ्यालाच डिव्हिडंड, आणि एक्स-डेटला सकाळी भाव साधारण तेवढा उतरूनच उघडतो, कारण पैसा कंपनीच्याच गल्ल्यातून जातोय ना, वरून थोडीच पडतोय. त्यात परत टॅक्स. एप्रिल 2020 पासून डिव्हिडंडवर आपल्या स्लॅबप्रमाणं आपणच भरायचा, आणि आता एका कंपनीकडून वर्षात 10 हजाराच्या वर गेला की 10 टक्के टीडीएस आधीच कापतात.

अजून एक. यील्ड जास्त दिसला की लगेच भुलू नका. कोल इंडियाचा आयपीओ, म्हणजे लोकांना शेअरची पहिली विक्री, 2010 ला 245 रुपयांनी आला, आणि 2020 ला तोच शेअर 120 च्या खाली. 2019-20 चा डिव्हिडंड 12 रुपये, म्हणजे नव्यानं घेणाऱ्याला यील्ड दहा टक्के, बघायला लई भारी. पण जुन्या माणसाचं मुद्दल निम्म्यावर आलं होतं त्याचं काय? आकडा फुगला तो भाव पडल्यामुळं. पुढं भाव वर आला ही गोष्ट वेगळी, त्या वर्षी ते कुणाला माहीत होतं.

आणि ही बघा घरातली पत्र्याची पेटी. आजोबांची कागदी शेअर सर्टिफिकेटं, आणि बँकेत कधी भरलेच नाहीत असे पिवळे पडलेले डिव्हिडंड वॉरंट, म्हणजे डिव्हिडंडचे चेकच. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की तो पैसा, आणि सोबत शेअरसुद्धा, सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. परत मिळतात, अर्ज करावा लागतो. काका तेच करायलेत आता, दुपारपासून एकाच रकान्यावर अडकलेत, सर्टिफिकेटवर आजोबांचं नाव एक आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरंच.