'डोया'ला हात लावू नको

(दृश्य : अमळनेर. भर दुपार. बोरी नदीचं कोरडं पात्र. मग पहिल्या मजल्यावरची एक खोली, चार संगणक.)

बाहेर ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर नाही. या खोलीत मात्र दिवाळीची घाई सुरू झाली आहे. अंकासाठी लेख येऊ लागलेत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, कुणी जुन्या फाँटात, जो या संगणकावर उघडला की नुसती रांगोळी दिसते.

संपादनाला चौघं जण आहेत. ज्येष्ठ ते आबा. मजकूर लावतात त्या ताई. आणि दोन तरुण मुलं.

गोष्ट गेल्या वर्षीची. एका कथेतली आई अहिराणी बोलत होती. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो : डोळा म्हणजे 'डोया', केळी म्हणजे 'केयी'. वर्डनं अशा प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढली. नव्या मुलानं प्रामाणिकपणे एकेक रेघ पुसली, म्हणजे प्रत्येक 'डोया'चा 'डोळा' केला. अंक छापून आला आणि लेखकाचा फोन.

"आबा, मनी माय पुनाले कव्हय गई?"

माझी आई पुण्याला कधी गेली? आबा आजही हे सांगताना आधी हसतात, मग गप्प होतात.

(दृश्य : पडद्यावर वर्डची खिडकी.)

उपाय ताईंनी काढला. त्यांनी टीमसाठी एक टेम्प्लेट, म्हणजे नव्या लेखाचा तयार साचा, केलं. त्यात मथळा, लेखकनाम, मजकूर, कविता अशा स्टाइली आहेत. स्टाइल म्हणजे फाँट, आकार, रंग यांचा नाव दिलेला संच. त्या कुठेही असतात. पण पाचवी स्टाइल आहे 'बोली'. ती अक्षरांना लागते, अख्ख्या परिच्छेदाला नाही. म्हणून वाक्यातला एकच शब्दही तिच्यात बसतो. तिच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'शुद्धलेखन तपासू नये' या खुणेवर टिक आहे. आणि तिला फिकट पिवळी पार्श्वभूमी. पिवळं दिसलं की हात मागे.

स्टाइल करताना एक खोच आहे, तिच्यावर ताईंची एक अख्खी संध्याकाळ गेली. फाँट बदलला, आकार वाढवला, देवनागरी जागची हलेना. वर्डच्या फाँट खिडकीत दोन खाती असतात. वरचं रोमन अक्षरांचं, दुसरं 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चं. देवनागरी दुसऱ्याचं ऐकते. आकारसुद्धा तिथेच वेगळा द्यावा लागतो.

टूलबारचं काम उलट्या दिशेनं झालं : बटणं वाढवण्याऐवजी काढायची. वर्डच्या माथ्यावर एक छोटी पट्टी असते, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. तिच्यावरचं पहिलं बटण आल्ट आणि १ दाबून चालतं, दुसरं आल्ट आणि २ दाबून. पट्टीवर काय असावं हे टेम्प्लेटमध्येच साठवता येतं. पण चौघांच्या पट्टीवर आधीच आपापली बटणं होती. ती काढून टाकली, तेव्हा कुठे आकडे सारखे झाले. सेव्ह आणि अनडूची बटणं गेल्यावर आबा कुरकुरले. त्यांना कंट्रोल एस आणि कंट्रोल झेड कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून स्क्रीनला चिकटलेला आहे.

आता आल्ट ३ म्हणजे बोली. चारही संगणकांवर.

(दृश्य : सामायिक फोल्डर. त्यात दोन फायली.)

टेम्प्लेट एका संगणकावर ठेवून भागत नाही. ते सामायिक फोल्डरात ठेवलं आणि प्रत्येकाच्या वर्डमध्ये, फाइल लोकेशन्सच्या यादीत 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' म्हणून त्या फोल्डराचा पत्ता दिला. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं तर त्याची नवी कोरी प्रत उघडते. मूळ फाइल हवी असेल तर उजवं क्लिक करून 'ओपन' म्हणावं लागतं. एकदा कुणीतरी तसं म्हटलं, आणि केळीवरच्या करपा रोगाचा लेख मूळ फायलीतच सेव्ह केला. दोन दिवस प्रत्येक नवा लेख, कविताही, करप्यापासून सुरू व्हायचा. कुणी, ते आम्ही विचारलं नाही. फाइल त्यानंतर 'फक्त वाचण्यासाठी' झाली.

फायली दोन का? एक कामाची, एक छपाईची. दोन्हींत स्टाइलींची नावं तंतोतंत तीच. फरक एवढाच की छपाईच्या फायलीतल्या 'बोली'ला पिवळा रंग नाही. लेख तपासून झाला की त्याला छपाईचं टेम्प्लेट जोडायचं आणि 'स्टाइली आपोआप अद्ययावत करा' या चौकोनात टिक करायची. पिवळं जातं, शब्द राहतात. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली सुंदर जागा हीच.

(दृश्य : आबा चष्मा पुसतात, कागदावरचं प्रूफ वाचतात.)

या गावात साहित्य संमेलन दोनदा भरलं, १९५२ साली आणि २०२४ साली. साने गुरुजी इथंच शिक्षक होते. पण अहिराणी छापायची कशी, हे प्रत्येक अंकाला नव्यानं ठरवावं लागतं.

आबांची पेन्सिल थांबते. शब्द आहे 'मना'. अहिराणीत 'माझा'. मराठीतही 'मना' आहेच, त्यामुळे त्याच्याखाली लाल रेघ आली नव्हती, आणि पिवळा रंग द्यायचा राहून गेला होता. नव्या मुलानं त्याच्यावर अनुस्वार देऊन 'मनां' करून ठेवलंय.

"ये रे भाऊ इकडे," आबा म्हणतात. "बस. हे वाक्य मोठ्यानं वाच बरं."