लालबागची उल्का

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या लालबागच्या चाळीत एक उल्का अवतरली. पलीकडे जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवरचं खोदकाम चालू होतं. तिथून शेजारचा आठवीतला पोरगा मुठीएवढा काळा दगड घेऊन आला. चकचकीत, अंगावर गुळाचा पाक ओघळून थिजावा तसे ओघळ. "काका, उल्का! मॅग्नेटला चिकटते बघा!" जिन्यात गर्दी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर हळदकुंकूही वाहिलं.

आता, नुसत्या मॅग्नेटवर विश्वास ठेवायचा नाही. मॅग्नेट दोऱ्याला बांधून आपल्या काळ्या पाषाणाजवळ, म्हणजे बेसाल्टजवळ नेलंत, तर तेही थोडं हलतं. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं ना. खरी ओळख पटते ती भोकांवरून. उल्केत अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतातच. बेसाल्टमध्ये असतात, पण तो ६ कोटींहून जास्त वर्षांचा म्हातारा. एवढ्या काळात आत पाणी झिरपून त्याची कितीतरी भोकं झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजानं नाहीतर गारगोटीनं बुजलीत. आमच्या 'उल्के'ची भोकं रिकामी होती, आतून काचेसारखी गुळगुळीत. फुटलेली कड बाटलीच्या काचेसारखी लकाकत होती. रुळांखालची बेसाल्टची खडी फोडून बघा, ती आतून अशी लकाकत नाही.

दगड हातात घेतला तर दिसण्याच्या मानानं वजनाला अगदीच हलका! उलटा केला, तर पोटात अर्धवट जळलेला कोळसा रुतलेला. संपलंच की मग! हा गिरणीच्या बॉयलरमधला क्लिंकर. कोळशाची राख तापून वितळते, तिचा असा गोळा होतो. कोळशातल्या लोहखनिजामुळे तो मॅग्नेटला चिकटतो.

लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, ही याची चुलत बहीण. भट्टीत चुनखडी घालतात, ती खनिजातला नको तो भाग ओढून घेते आणि वितळलेल्या लोखंडावर तरंगते. हीच मळी दळून सिमेंटमध्येही घालतात, त्यामुळे कदाचित तुमच्या घराच्या भिंतीतही ती असेल.

दादरच्या चौपाटीवर सापडणारे गुळगुळीत लाल गोटे मात्र बहुतेक विटांचे असतात. खिळ्यानं खरवडा, लाल पूड निघते.

पोरगा दोन दिवस रुसला. दगड सध्या जिन्याखाली दार अडवायला ठेवलाय. भोकांत अडकलेलं कुंकू काही निघालेलं नाही.