पिकअपची केबिन उतरवताना

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये पुनर्बांधणीसाठी उभी असलेली ही टाटा २०७ पिकअप पूर्वी तासगावच्या बाजूची द्राक्षे आणि मार्केट यार्डातील हळदीची पोती वाहत असे. टाटांची, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोची, २०६ ही पिकअप १९८८ साली आली आणि २०७ हे तिच्याच घराण्यातील पुढचे मॉडेल. गाडीची मांडणी साधी आहे: खाली पोलादी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तिच्यावर मागे हौदा आणि पुढे रबरी बुशांवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रबरी टेकूंवर, बोल्टने आवळलेली केबिन.

बाहेरून पाहिले, तर केबिन उतरवण्याची गरजच काय, असा प्रश्न पडतो. दारे लागतात, छत शाबूत आहे, रंग तेवढा उडाला आहे. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपलीकडे गेले, तेव्हा ही गाडी पाण्यात होती. पूर ओसरल्यावर बाहेरचा चिखल धुऊन निघतो. दाराखालच्या पोकळ पट्टीत आणि केबिनच्या बुडाशी असलेल्या पेटीसारख्या आडव्या पत्र्यांत शिरलेला गाळ मात्र तिथेच राहतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. सर्वांत वाईट गंज केबिन आणि चासी यांच्या मधल्या बोटभर फटीत असतो. तिथे ब्रश पोहोचत नाही आणि वेल्डिंगचा हातही पोहोचत नाही. केबिन न उतरवता वरून पुटी आणि रंग चढवणे ही गाडीची डागडुजी झाली. तिला पुनर्बांधणी म्हणता येणार नाही.

कामाची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून होते. मग रेडिएटरचे पाणी सोडले जाते आणि बॉनेट, दोन्ही मडगार्ड व पुढची जाळी उतरते. केबिन आणि चासी यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट आता एकेक करून सोडवायची असते: वायरिंगचे सॉकेट, ॲक्सिलरेटरची आणि स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, ब्रेकच्या नळ्या, ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची व्हॅक्यूम नळी, क्लचची जोडणी आणि केबिनच्या तळातून वर येणारा गिअरचा दांडा. मिस्त्री प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधतात आणि नळ्यांची तोंडे बुचाने बंद करतात, कारण ब्रेकच्या नळीत गेलेली धूळ पुढे सिलिंडरचे रबर खराब करते. स्टिअरिंगचा दांडा सोडवण्यापूर्वी चाके सरळ ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना पंचने खूण केली जाते. ही खूण राहून गेली, तर गाडी जुळवल्यावर चाके सरळ असतानाही स्टिअरिंग तिरके दिसते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि गावोगावच्या गॅरेजांत तेच सर्रास टाळले जाते. ज्या केबिनच्या दाराखालच्या पट्ट्या सडल्या आहेत, ती चासीवर आवळलेली असते तोवरच आकारात असते. बोल्ट सुटून ती हवेत गेली, की दाराची चौकट उघडते किंवा मिटते, आणि एकदा फाकलेल्या चौकटीत नवा पत्रा बसवला, तर दार पुन्हा कधीही नीट लागत नाही. म्हणून दारे जागेवर असताना, त्यांच्या भोवतीची फट सगळीकडे सारखी आहे ना हे पाहून, पुढच्या आणि मागच्या खांबांना आतून लोखंडी पाइपचे आधार वेल्ड केले जातात. हे आधार दाराला अडणार नाहीत इतके आत घेतलेले आहेत. त्यामुळे नवा पत्रा बसवताना दार लावून फट पुन्हा तपासता येते. चौकटीचे कर्णही मोजून तिथेच खडूने लिहून ठेवले आहेत. त्यानंतरच पुढची काच, सीट आणि दारे काढून केबिन हलकी केली जाते.

आता राहतात ते बुशांचे बोल्ट. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, त्यामुळे बोल्ट नटात घट्ट अडकतो. "नट हालंना तर जोर लावू नगंस, आधी तेल सोड," असे मिस्त्री हाताखालच्या पोराला बजावतात. तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर काही बोल्ट सुटले. काहींचे वरचे नट मात्र केबिनच्या पेटीतील पिंजऱ्यातच, म्हणजे नट धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कप्प्यातच, गरगर फिरू लागले. अशा वेळी गॅसने तापवण्याचा मोह होतो, पण खाली रबर आहे आणि शेजारून डिझेलची नळी जाते. इथे तळाच्या पत्र्याला छोटी खिडकी पाडून नट पान्याने धरला गेला आणि बोल्ट सुटला. तो तळ पुढे बदलायचाच होता. प्रत्येक बुशाखाली किती वॉशरचे पॅकिंग होते, याचीही नोंद होते, कारण कंपनीने केबिनची पातळी त्या पॅकिंगनेच साधलेली असते.

उचलण्यासाठी वर चेन पुली आहे. पट्टे छताला किंवा सडलेल्या पट्टीला न बांधता केबिनच्या बुडाखाली, माउंटिंगच्या, म्हणजे केबिन चासीवर टेकते त्या भक्कम जागांजवळ घातलेल्या दोन आडव्या लोखंडी चॅनेलना बांधले आहेत. डॅशबोर्ड आणि इंजिनाकडची पत्र्याची भिंत यांमुळे रिकामी केबिनही पुढे जड असते, म्हणून पुढचे पट्टे आखूड ठेवले आहेत. दोन इंच उचलून मिस्त्री थांबतात आणि चहूबाजूंनी वाकून पाहतात. चासीला जोडणारी अर्थिंगची वायर अजून तशीच होती. सुटायची राहते ती बहुधा हीच, कारण ती कुठल्याही सॉकेटमध्ये जात नाही. ती सोडवल्यावर केबिन इंजिनाच्या वर जाईपर्यंत उचलली जाते, गाडी खालून मागे ढकलली जाते आणि केबिन लाकडी ओंडक्यांवर नव्हे, तर माउंटिंगच्या जागांशी मिळतील अशा लोखंडी घोड्यांवर टेकवली जाते.

उघडी पडलेली चासी पुढे वाळूच्या फवाऱ्याने साफ होणार आहे. तिच्यावर ठोकलेला नंबर फिटनेस तपासणीच्या वेळी पाहिला जातो आणि आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ही तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. त्यामुळे तेवढा भाग हाताने, तारेच्या मऊ ब्रशने साफ करून, त्याचा फोटो काढून, जाड चिकटपट्टीने झाकल्यावरच चासी फवाऱ्याखाली जाईल.