कुतच्या कोठाराची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार. पहिल्या महायुद्धात, 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा या गावात ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेची एक अख्खी डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तिचं अधिकृत नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात 103वी, 110वी आणि 117वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या आणि खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकाम करणाऱ्या शिपायांच्या, कंपन्याही होत्या. बाकी पंजाबी, राजपूत, गुरखे आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या. शिपाई, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी असे सगळे धरून जवळजवळ तेरा हजार माणसं त्या दिवशी कैदेत पडली.

या पराभवाचा दोष बहुतेक वेळा एका सेनापतीच्या महत्त्वाकांक्षेवर टाकला जातो. या डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड महत्त्वाकांक्षी होते, यात शंका नाही. पण कुत पडलं ते बोटींच्या तुटवड्याने आणि धान्याच्या चुकीच्या मोजदादीने. आज त्याच दोन गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

आधी नदी. नोव्हेंबर 1914 मध्ये फौज फावच्या किनाऱ्यावर उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. हेतू मर्यादित होता : इराणच्या आखाताजवळचं तेल आणि तेलाची नळवाहिनी राखायची. बसऱ्याच्या पुढे ना पक्का रस्ता होता, ना रेल्वे. सगळं काही नदीवरून न्यायचं. पण तैग्रिस नदी उन्हाळ्याच्या शेवटी इतकी उथळ होते, की बोटीचं बूड पाण्यात मीटरभराहून जास्त खोल गेलं तर ती गाळात रुतून बसते. म्हणून उथळ बुडाच्या आगबोटीच लागत, आणि त्यांच्या दोन्ही कुशींना मालाचे पडाव बांधून त्या वळणावळणांनी वर जात. अशा बोटी हिंदुस्थानात फार नव्हत्या. ब्रह्मदेशातल्या इरावतीवरून काही आणवल्या, तर त्यांतल्या काही समुद्रातच बुडाल्या, कारण नदीसाठी बांधलेली बोट भर समुद्रातल्या लाटांपुढे टिकत नाही.

बसरा बंदराची अवस्था आणखी वाईट. समुद्रातून येणारी जहाजं लागतील असे धक्के तिथे नव्हते. जहाज नदीच्या मध्यावर नांगर टाकून उभं राहायचं आणि माल स्थानिक होड्यांमध्ये उतरवायचा. मुंबईहून निघालेला दारूगोळा बसऱ्याला पोहोचूनही आठवडेच्या आठवडे जहाजातच पडून राही. 1915 साली तिथल्या सेनापतींनी, जनरल निक्सन यांनी, बसऱ्याहून नासिरियाला रेल्वे टाकायची मागणी केली. हिंदुस्थान सरकारने खर्चाचं कारण देऊन ती नाकारली. मोहीम चालवायची सिमल्याच्या तिजोरीतून आणि तीही काटकसरीने, असा तो कारभार होता.

फौज पुढे सरकत गेली तसतशी रसदेची वाट लांबत गेली. जून 1915 मध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरअखेर कुत घेतलं. एव्हाना तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटन आणि त्याच्या दोस्तांचा डाव फसला होता आणि लंडनला कुठून तरी विजयाची बातमी हवी होती. ऑक्टोबरमध्ये बगदादवर चालून जायला परवानगी मिळाली. बोटींचा हिशेब नीट मांडला असता तर ही परवानगी देताच आली नसती. अमाऱ्यापर्यंतच्या फौजेला जेमतेम पुरतील इतक्या बोटी बगदादपर्यंतच्या फौजेला कशा पुरणार? पुढचं अंतर तेवढं वाढतं असं नाही. प्रत्येक बोटीची फेरी लांबते, म्हणजे तीच बोट महिन्याला कमी माल आणते. बोटींची संख्या तशीच राहिली तरी रसद घटत जाते.

22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे, टेसिफोनला लढाई झाली. टाउनशेंडच्या लढणाऱ्या फौजेतली निम्म्याहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली. जखमींना रणांगणावरून नदीपर्यंत आणायला रुग्णवाहिका नव्हत्याच म्हणा ना. खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या गाड्यांमधून त्यांना आणलं. मोडलेल्या हाडांचं त्या गाडीत काय होत असेल, याची कल्पना करा. मजिदिया नावाची आगबोट जखमींना घेऊन बसऱ्याला आली तेव्हा तिच्या कठड्यांवरून काही दोर लोंबत असावेत असं मेजर कार्टर या डॉक्टरला दुरून वाटलं. ते दोर नव्हते. आमांश झालेली माणसं उठूही न शकता दाटीवाटीने डेकवर पडलेली होती, त्यांची घाण ओघळून सुकली होती. कार्टरने हे लेखी कळवलं, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. त्या काळात मुंबईला येणारे जखमी इतके होते, की नुकतंच बांधून झालेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, इस्पितळ म्हणून वापरावं लागलं.

टेसिफोनहून माघार घेत फौज 3 डिसेंबरला कुतला आली. कुत हे नदीच्या इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक खणले की झालं. बचावाला सोयीची जागा. पण जी जागा आतून राखायला सोपी, ती बाहेरून कोंडायलाही सोपी. 6 डिसेंबरला घोडदळ बाहेर पाठवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी वेढा पूर्ण झाला.

आता कोठार. टाउनशेंडनी तारेने कळवलं की गोऱ्या शिपायांना एक महिन्याचा आणि हिंदी शिपायांना दोन महिन्यांचा शिधा आहे. हा आकडा सरकारी कोठारातल्या पोत्यांचा होता. गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासी होते. थंडीत बायकामुलांना वाळवंटात हाकलणं टाउनशेंडना पटलं नाही, म्हणून बहुतेकांना राहू दिलं. या माणसांच्या घरात, तळघरात किती धान्य आहे, हे कोणी पाहिलं नाही. फौजेची खेचरं आणि घोडे मिळून तीन हजारांच्या आसपास जनावरं होती. त्यांचं मांसही हिशेबात धरलं नाही. शिधाही कापला नाही. वेढ्याचे पहिले सात आठवडे माणसं जवळजवळ पूर्ण शिध्यावर जेवत होती.

बाहेर याचा परिणाम काय झाला? सोडवणुकीला निघालेल्या जनरल एल्मर यांना वाटलं, हातात फार तर जानेवारीचा महिना आहे. त्यांची फौज अजून बसऱ्याहून येत होती, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण बोटी नव्हत्या. ब्रिगेडी अपुऱ्या, तोफा थोड्या, जखमींची सोय जवळपास शून्य. तरी घाईने ते पुढे सरकले. 6 ते 8 जानेवारीला शेख साद, 13ला वादी, 21ला हन्ना. हन्नाला एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला दलदल. मधल्या अरुंद पट्टीत तुर्कांचे खंदक. बगल मारायला जागाच नाही, समोरून चालून जायचं. पावसाने चिखल झालेला. एका दिवसात सत्ताविसशेच्या आसपास माणसं ठार-जखमी झाली.

आणि मग, हन्नाचा हल्ला फसल्यावर तीन-चार दिवसांनी, कुतमध्ये घराघरांची झडती घेतली गेली. जवाचा मोठा साठा सापडला. टाउनशेंडनी कळवलं, घोड्यांचं मांस धरून आणखी 84 दिवस काढता येतील! म्हणजे जो हल्ला मार्चमध्ये, पूर्ण तयारीनिशी करता आला असता, तो जानेवारीत अर्ध्या तयारीने करून हजारो माणसं गमावली होती. लष्करी इतिहासात इतकी महाग पडलेली मोजदाद क्वचितच आढळेल. वेढा पडल्यापासून पहिल्या आठवड्यात करायचं काम आठव्या आठवड्यात झालं.

जव सापडला, पण तो दळायचा कशावर, हा पुढचा प्रश्न. जात्याचे दगड विमानातून कुतमध्ये टाकले गेले. जेवणाचा आणखी एक धडा डॉक्टरांनी तिथे नोंदवला, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. गोऱ्या शिपायांना सुरुवातीला बेरीबेरी, म्हणजे निकस आहाराने हातापायांतलं बळ जाण्याचा रोग, झाली, कारण ते पांढऱ्या मैद्याचा पाव खात. मैदा संपला, जवाचं पीठ सुरू झालं आणि बेरीबेरी ओसरली. हिंदी शिपाई कोंड्यासह आटा आणि जव खात, त्यांना बेरीबेरी झाली नाही. मात्र ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. गोरे शिपाई घोड्याचं मांस खात होते, म्हणून ते स्कर्व्हीपासून बरेच वाचले.

घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई तयार नव्हते. दसऱ्याला ज्याची पूजा करायची तो घोडा कापून खायचा, हे मराठा गड्याच्या गळी उतरणं कठीणच होतं. मुसलमान शिपायांची आणि इतरांची हरकत वेगळी होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी अनेकांना भीती होती ती गावाची : परत गेल्यावर जातीत घेतील का, मुलींची लग्नं होतील का? एप्रिलमध्ये उपासमार टोकाला गेली, वरून दटावणी आली, तेव्हा बहुसंख्य लोकांनी खायला सुरुवात केली. तोवर शरीरं खचली होती.

बाहेर प्रयत्न चालूच होते. 8 मार्चला दुजैला इथे रात्रभर चालून एल्मरची फौज पहाटे तुर्की बुरुजासमोर अचानक उभी ठाकली. बुरुजात त्या घडीला तुरळक माणसं होती. पण आखणीत आधी तोफांची नेमबाजी लिहिलेली होती, म्हणून पायदळ थांबलं. तोफा सुरू झाल्या, तुर्क सावध झाले, नदीपलीकडून कुमक आली. दुपारनंतरच्या हल्ल्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली. एप्रिलमध्ये डोंगरातलं बर्फ वितळून नदीला पूर आला आणि रणांगणाचा चिखल झाला. 22 एप्रिलला सन्नैयातचा शेवटचा हल्ला फसला. तेरा हजारांना सोडवताना बाहेर तेवीस हजारांच्या आसपास माणसं बळी पडली किंवा जखमी झाली.

शेवटच्या पंधरवड्यात शिधा माणशी रोज 4 औंस पिठावर आला. ते सव्वाशे ग्रॅमही भरत नाही, एक मोठी भाकरी जेमतेम होईल. 15 एप्रिलपासून विमानांनी धान्य टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या फौजेला हवाई मार्गाने जेवू घालायचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. गरज दिवसाला 5,000 पौंडांची होती. एक विमान एका फेरीत दोन-अडीचशे पौंड उचलायचं, तेही हवा तापायच्या आत. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. दोन आठवड्यांत कुतमध्ये पडलं ते सुमारे 16,800 पौंड, म्हणजे साडेसात टनांच्या थोडं वर. भागाकार करून पाहा : माणशी पाऊण किलोसुद्धा नाही, तेही पंधरा दिवसांत.

24 एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट 270 टन सामान घेऊन तुर्कांच्या माऱ्यातून कुतकडे निघाली. कुतच्या अलीकडे मगासिसला तुर्कांनी नदीत आडवी तार टाकून ठेवली होती, तिथे ती अडकली. तिचे दोन्ही अधिकारी, फर्मन आणि काउली, मारले गेले. दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग लाच देऊन पाहिली. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्सही होते. तुर्कांचे युद्धमंत्री एन्व्हर पाशा यांनी नकार दिला आणि ही गोष्ट जगभर पसरवली.

शरण गेल्यावर टाउनशेंड यांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाची झाली. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकललं. बगदाद, मोसूल, तिथून रास-अल-ऐन. हिंदी कैद्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपलं. साधारण 2,600 गोऱ्या शिपायांपैकी 1,700हून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि नोकरवर्गातलेही हजारो परतले नाहीत. पुढे बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या.

मग बोटी आल्या, बसऱ्यात धक्के बांधले गेले आणि खर्चापायी नाकारलेली रेल्वेसुद्धा 1916 संपता संपता टाकली गेली. मोहिमेची सूत्रं लंडनच्या युद्धखात्याने आपल्याकडे घेतली होती. तिथले नवे सेनापती जनरल मॉड यांनी घाई केली नाही. फेब्रुवारी 1917 मध्ये कुत आणि 11 मार्चला बगदाद त्यांनी घेतलं.

राजकारणातला हिशेब नंतर चुकता झाला. पार्लमेंटने नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून 1917 मध्ये बाहेर आला. व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती डफ आणि निक्सन यांच्यावर त्याने ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावर मुख्य ठपका नव्हता, तरी खातं आपलं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. याच चर्चेत हिंदुस्थान सरकारची यंत्रणा जुनाट आणि ताठर आहे, असं पार्लमेंटमध्ये कडाडून सांगणारे एडविन माँटेग्यू आठवड्याभरात भारतमंत्री झाले. 20 ऑगस्ट 1917 रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेला इतर कारणं पुष्कळ होती, आणि तिचा मसुदा चेंबरलेन यांच्याच काळात सुरू झाला होता. पण ती करायला माँटेग्यू त्या खुर्चीत आले ते कुतमुळे.

कुत शरण गेलं त्याच्या आदल्या दिवशी, 28 एप्रिल 1916 रोजी, टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली होती. त्या घडीला दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. नोव्हेंबर 1917 मध्ये माँटेग्यू सुधारणांची चाचपणी करायला हिंदुस्थानात आले, तेव्हा दिल्लीत त्यांच्यासमोर होमरूलची मागणी घेऊन बसलेल्यांत टिळकही होते.