गढूळ बाटली, गोठवलेलं रक्त आणि एमएस

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल. डॉक्टर आणि पेशंट दोघंही त्याला नुसतं एमएस म्हणतात. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागते, आणि मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. आजार बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. चालता चालता त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर कुणीतरी हाक मारली, "अहो ताई, चप्पल!" पायाला पत्ताच नव्हता. तिथून सुरुवात. मे महिन्याच्या उन्हात त्यांचा त्रास वाढतो, कढत पाण्याने अंघोळ केली तरी थोडा वेळ एका डोळ्याला धूसर दिसतं. बघणाऱ्याला मात्र त्या धडधाकट दिसतात. मग "आळस आहे", "मनाचे खेळ आहेत" हे घरातूनच ऐकून घ्यावं लागतं. असं ऐकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हा आजार होतो कशाने? पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी 1868 साली त्याचं नीट वर्णन केलं, आणि त्यांचेच शिष्य पिएर मारी यांनी 1884 मध्ये म्हटलं की यामागे कुठला तरी संसर्ग असावा. संशय इतका जुना आहे. पण कुठला संसर्ग? गोवर, नागीण, कितीतरी विषाणूंवर बोट ठेवून झालं, कुणावरच गुन्हा शाबित होईना. आज ज्याच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो एपस्टाईन-बार विषाणू. पुन्हा सांगते, एपस्टाईन-बार. डॉक्टर त्याला ईबीव्ही म्हणतात. तो सापडला कसा, ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सविस्तर सांगते.

युगांडाची राजधानी कंपाला. तिथल्या मुलागो हॉस्पिटलमध्ये डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला. 1957 साली त्यांच्यासमोर एक मूल आलं, जबडा सुजलेला, चेहरा वाकडातिकडा झालेला. मग तसंच दुसरं, मग तिसरं. बर्किटनी ही मुलं मोजली, कुठल्या गावाची आहेत ते नकाशावर मांडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा कर्करोग ठरावीक पावसाच्या आणि ठरावीक उष्णतेच्या पट्ट्यातच होतो. 22 मार्च 1961 रोजी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्यांनी यावर भाषण दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाईन बसले होते. ते कोंबड्यांमध्ये कर्करोग करणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. पाऊसपाण्याप्रमाणे बदलणारा कर्करोग? मग यामागे नक्की विषाणू असणार, हे भाषण संपायच्या आतच त्यांच्या मनाने घेतलं.

झालं. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला यायला लागले. एपस्टाईन ते कापायचे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे. काही नाही. पुढचा तुकडा, पुन्हा काही नाही. दोन वर्षांहून जास्त हेच चाललं होतं. मधल्या काळात अमेरिकेतून थोडे पैसे मिळाले, दोन सहकारी आले. एक त्रिनिदादचे बर्ट अचाँग, दुसऱ्या आयर्लंडच्या इव्हॉन बार. तरीही विषाणूचा मागमूस नाही.

मग आला 1963 चा डिसेंबर. तारीख 5. कंपालाहून नमुना घेऊन विमान निघालं, पण लंडनवर दाट धुकं होतं. विमान वळवलं मँचेस्टरला. तिथून नमुना लंडनला पोचेपर्यंत चांगलाच उशीर झाला. बाटली उघडायच्या आधीच दिसलं की आतलं पाणी गढूळ झालंय. आता प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, गढूळ म्हणजे जिवाणू शिरले, म्हणजे नमुना नासला, म्हणजे बाटली ओतून द्यायची आणि घरी जायचं.

एपस्टाईननी ती ओतली नाही. एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. आणि काय, जिवाणू नव्हतेच! गाठीच्या कडेच्या पेशी प्रवासातल्या हिंदकळण्याने सुट्या झाल्या होत्या आणि पाण्यात मजेत तरंगत होत्या. जिवंत. तोवर सगळे जण गाठीचे तुकडेच्या तुकडे वाढवायचा प्रयत्न करत होते आणि फसत होते. या पेशींना सुटं राहायला आवडतं, हे त्या धुक्याने दाखवून दिलं. मग एपस्टाईन आणि बार यांनी त्या तशाच सुट्या, द्रवात वाढवल्या, आणि त्या वाढल्या. त्या पेशींना नाव पडलं ईबी, दोघांच्या आडनावांवरून.

24 फेब्रुवारी 1964. वाढवलेल्या पेशींचा पहिला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. आणि नमुन्याच्या जाळीच्या पहिल्याच चौकोनात, एका पेशीच्या आत, विषाणू. एपस्टाईनना भीती वाटली की इलेक्ट्रॉनच्या झोताने तो नमुना जळून जाईल. त्यांनी यंत्र बंद केलं, बाहेर बर्फ होतं त्यात चक्कर मारून आले, थोडे शांत झाले, आणि मग परत येऊन फोटो काढले. साधारण महिन्याभराने लॅन्सेट या नियतकालिकात तिघांचा लेख छापून आला. एपस्टाईन 2024 साली, 102 वर्षांचे होऊन वारले. इव्हॉन बार ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथे त्यांना संशोधनात काम मिळालं नाही, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत राहिल्या. जगातल्या प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात जिचं नाव आहे अशी बाई शिकवायला मिळाली हे त्या मुलांचं भाग्य, पण तिला संशोधनाची जागा मिळू नये हे मला आजही पटत नाही. बर्ट अचाँग यांचं नाव तर विषाणूच्या नावातही नाही.

आता एमएसकडे येते. वेळ थोडा उरलाय.

हा विषाणू लाळेतून पसरतो आणि एकदा शिरला की जन्मभर शरीरात मुक्काम ठोकतो. जगातल्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव प्रौढांत तो आहे. तुमच्यात आहे, बहुधा माझ्यातही आहे. लहानपणी झाला तर साधी सर्दी-तापासारखा निघून जातो, कळतही नाही. तरुणपणी पहिल्यांदा झाला तर घसा सुजतो, मानेत गाठी येतात, आठवडेच्या आठवडे गळून जायला होतं. त्या आजाराला मोनो म्हणतात. मोनो याच विषाणूने होतो हे कळलं तेही जपून ठेवलेल्या रक्तामुळे. फिलाडेल्फियात गर्ट्रूड आणि वेर्नर हेन्ले हे नवराबायको या विषाणूवर काम करत होते. 1967 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण तंत्रज्ञ मुलीला मोनो झाला. तिचं आजाराआधीचं रक्त त्यांच्याकडे होतंच, त्यात या विषाणूची खूण नव्हती. आजारानंतरच्या रक्तात होती.

एमएसच्या बाबतीत अडचण हीच होती. विषाणू जवळजवळ सगळ्यांत आहे, आजार फार थोड्यांना होतो. मग दोष द्यायचा कसा? त्यासाठी अशी माणसं हवीत ज्यांच्यात विषाणू अजून शिरलेलाच नाही, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला हवी. अमेरिकी सैन्यात हे आपसूक झालं. सैनिकांची एचआयव्ही तपासणी साधारण दर दोन वर्षांनी व्हायची, आणि उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फेकून न देता गोठवून ठेवलं जायचं. हार्वर्डचे अल्बेर्तो आस्केरियो, क्येतिल ब्यॉर्नेविक आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांतल्या एक कोटीहून जास्त सैनिकांची नोंद तपासली. 955 जणांना एमएस झालेला. पुरेसं रक्त 801 जणांचं मिळालं. त्यातल्या 35 जणांच्या पहिल्या नमुन्यात ईबीव्ही नव्हता. आणि त्या 35 पैकी 34 जणांना एमएस सुरू होण्याआधी ईबीव्हीची लागण झालेली होती. चौतीस! लागणीनंतर एमएसचा धोका 32 पट वाढलेला दिसला. लाळेतूनच पसरणारा दुसरा एक विषाणू, सायटोमेगॅलो, त्याचा असा काही परिणाम दिसला नाही. मज्जातंतूंना इजा झाल्याचं दाखवणारं एक प्रथिनही ईबीव्हीच्या लागणीनंतरच वाढलेलं आढळलं. हे सगळं जानेवारी 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं.

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने हे घडतं कसं याचा एक धागा दाखवला. या विषाणूचं एक प्रथिन मेंदूतल्या एका प्रथिनाशी चेहऱ्याने जुळतं. पोलिसाने चोराऐवजी त्याच्यासारखा दिसणारा शेजारी धरावा, तसं प्रतिकारशक्तीचं होतं.

आता हे नीट ऐका. विषाणू असला म्हणजे एमएस होतो, असं अजिबात नाही. विषाणू जवळजवळ सगळ्यांत, आजार फार थोड्यांत. जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, अशा इतर गोष्टींचाही हात असतो. आणि एमएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताईंच्या ताटात जेवा, त्यांच्या कपातला चहा प्या, एमएस लागणार नाही. ईबीव्हीची रक्ततपासणी करायला लॅबमध्येही पळू नका, ती बहुतेकांची पॉझिटिव्हच येते.

आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू अगदी लहानपणीच गाठतो, आणि आपल्याकडे एमएसचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे. मोनो होऊन गेलेल्यांमध्ये एमएसचा धोका साधारण दुप्पट असतो. या दोन गोष्टींचा संबंध आपल्या इथल्या संशोधकांनी खोदून काढावा असं मला फार वाटतं. जनुकांचा हात असावा असं मुंबईच्या डॉ. नोशिर वाडियांच्या 1990 मधल्या कामावरूनही वाटतं. आपल्या पारशी समाजात एमएस इतर भारतीयांपेक्षा कितीतरी जास्त आढळला.

ईबीव्हीवरच्या लसींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत. लस आली तरी ती एमएस टाळते का हे कळायला वर्षं जातील.

तोवर, एक डोळा दुखून त्याची नजर दोन-चार दिवसांत अंधुक झाली, किंवा अंगाच्या एका भागाला दिवसेंदिवस बधिरपणा राहिला, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. जाताना जुने केस पेपर आणि एमआरआयच्या फिल्म घेऊन जा. आपण रिपोर्ट रद्दीत घालतो, हे थांबवा, पाच वर्षांपूर्वीचा कागदच डॉक्टरांना निदान देऊन जातो. आणि ज्यांना एमएस आहे त्यांच्यासाठी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मिळतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की कायद्यातल्या काही सवलतींसाठी अर्ज करता येतो. नमस्कार.