फास्ट म्हणजे घट्ट

दृश्य : दादर, सकाळचे पावणेनऊ. फलाटाच्या कडेला माणसांची भिंत.

"काकू, ही करी रोडला थांबेल?"
"नाही गं, फास्ट आहे. मागून स्लो येतेय, ती पकड."

निवेदन :
इंग्रजीशी उभ्या आयुष्यात संबंध न आलेल्या मुंबईकरालाही हा एक शब्द येतो. घोषणा 'जलद' आणि 'धीमी' अशी होते. आपण ती नीट ऐकतो आणि तरीही शेजारच्याला विचारतो, "फास्टच ना?" फास्ट म्हणजे मधली स्टेशनं गाळणारी. चिंचपोकळी, करी रोड खिडकीतून नुसती पाहायची.

आता भाऊच्या धक्क्यावर चला.

दृश्य : लाँच धक्क्याला लागते आहे.

खलाशी ओला दोर भिरकावतो. धक्क्यावरचा माणूस तो खुंटाला दोन वेढे देऊन ओढतो. दोर ताणला जातो, पिळातून पाणी गळतं, लाँच एक हिसका खाऊन गप्प उभी राहते. जहाजावरच्या इंग्रजीत या कामाला म्हणतात 'मेक फास्ट'. लाँच पळवा असा त्याचा अर्थ नाही. बांधा, जागची हलू देऊ नका!

एकच शब्द दादरला धावतो आणि धक्क्याला बांधून ठेवतो. यातला जुना अर्थ धक्क्यावरचा. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता 'फॅस्ट', अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. 'फासन' म्हणजे बांधणं, हे त्याच घरातलं. 'फास्ट अस्लीप' म्हणजे भराभर झोपलेला नव्हे, गाढ झोपलेला. वेगाचा अर्थ नंतर चिकटला.

पण घट्ट धरणारा शब्द पळायला कसा लागला? कोशात शोधायची गरज नाही, आपल्याच बोलण्यात बघा. "दोर जोरात धर." आणि "गाडी सुटतेय, जोरात पळ." पहिल्या 'जोरात'मध्ये ताकद आहे, दुसऱ्यात वेग. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही. इंग्रजीतही हेच झालं. घट्ट धरणं म्हणजे जोर लावणं, जोर लावून पळणं म्हणजे वेगात पळणं.

दृश्य : चाळीच्या गॅलरीत वाळणारे कपडे.

गिरणगावात मात्र हा शब्द जुन्याच अर्थाने नांदला. कापडाचा रंग 'फास्ट' म्हणजे पक्का, धुतल्यावर न जाणारा. तो किती पक्का, हे मोजायची रीतही आहे. रंगीत तुकड्याला पांढरं कापड शिवून दोन्ही एकत्र धुतात. मग रंग किती उतरला आणि पांढऱ्याला किती लागला, हे राखाडी छटांच्या पट्टीशी ताडून 1 ते 5 गुण देतात. 5 म्हणजे उत्तम. उन्हात विटण्याची परीक्षा वेगळी, तिथे 1 ते 8. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो पुढे माटुंग्याला आला. वस्त्र-रसायन हा तिथला अगदी सुरुवातीचा विषय होता. गिरण्यांच्या शहराची ती गरजच होती. पक्क्या रंगाचं शिक्षण माटुंग्यात, आणि फास्ट लोकल माटुंगा गाळते. असो.

तिसरा अर्थ उपासाचा. तोही घट्टपणातूनच आला. नेम घट्ट धरायचा, खाण्यापासून स्वतःला आवरायचं. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आता साबुदाण्याच्या वड्यांच्या तिसऱ्या प्लेटनंतर नेम कितपत घट्ट राहतो, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. 'ब्रेकफास्ट'मध्ये हाच 'फास्ट' आहे. रात्रभराचा उपास सकाळी मोडायचा. आपण त्याचं भाषांतर न्याहारी करतो, पण शब्दाला शब्द लावायचा तर तो आपल्या पारण्याजवळ जातो.

दृश्य : रक्ततपासणीची खोली. राखाडी टोपणाची नळी.

"काका, फास्टिंग आहे ना?"
"हो, काही खाल्लं नाही. फक्त चहा घेतला."
"मग मोडलं ना फास्टिंग."
"चहा उपासाला चालतो की!"

एकादशीला चालतो. साखरेच्या तपासणीला किमान आठ तास पाण्याशिवाय काही चालत नाही. घरोघरी या शब्दावरून असा वाद होतो, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात.

वेगाचे इंग्रजी भाऊबंद पुष्कळ आहेत. क्विक, रॅपिड, स्विफ्ट, स्पीडी. पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ट्रेन फास्ट असते, उत्तर क्विक असतं. फास्टमध्ये चाल दिसते, क्विकमध्ये थोडक्यात आटपणं. आणि 'फास्टली' असा शब्द नाही, कितीही तोंडात आला तरी. 'रन फास्ट', बस्स.

मराठीलाही हेच सोवळं आहे. लोकल जलद, महामार्ग द्रुतगती, कवी शीघ्र. चहा पटकन प्यायचा, पोहे झटपट करायचे. 'भरधाव' हा शब्द तर अपघाताच्या बातमीतल्या ट्रकसाठीच राखून ठेवल्यासारखा वाटतो. भरधाव पोहे कोणी करत नाही. आणि घड्याळ इंग्रजीत पाच मिनिटं फास्ट असतं, मराठीत नुसतं पुढे असतं.

दृश्य : रविवार दुपार, मेगाब्लॉक. लोकलचा डबा, पंखे चालू, गाडी उभी.

जलद मार्गावरच्या गाड्या आज धीम्या मार्गावर वळवल्या आहेत. कुर्ला गेलं, शीव अजून यायचंय. दारातला मुलगा बाहेर वाकून सिग्नल बघतो. लाल. एक आजोबा पेपर घडी करत विचारतात, "फास्ट आहे ना ही?"

इंग्रजीत याला 'स्टक फास्ट' म्हणतात. घट्ट रुतलेली.

"फास्टच आहे, आजोबा."